जुनी पत्रं वर्गात उतरवून घेताना

लायब्ररी ऑफ काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसदेचं ग्रंथालय; त्याच्या ‘बाय द पीपल’ या ऑनलाइन उपक्रमात (२०१८ पासून) स्वयंसेवक जुन्या पत्रांची, रोजनिशांची छायाचित्रं पाहून मजकूर टाइप करतात. उतरवायला खातं लागत नाही, त्यामुळे वर्गासाठी हा सोयीचा. दुसऱ्याचं काम तपासायचं असेल तरच नोंदणी करावी लागते.

पानं आदल्या दिवशी स्वतः निवडा. सगळीच अक्षरं वाचनीय नसतात. मुलांच्या जोड्या करा: एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. मूळ लेखकाच्या शुद्धलेखनाच्या चुका तशाच ठेवायच्या, हे आधीच बजावा. हुशार मुलांना नेमका हाच नियम जड जातो! शब्द अडला, तर त्याच पानावर तसंच वळण असलेलं, ओळखू येणारं अक्षर शोधायला सांगा. तरीही लागला नाही, तर चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाकून पुढे जायचं.

पानांच्या संख्येवर गुण देऊ नका, मुलं अंदाजपंचे भरत सुटतात. तासाला एक पान पुरे. उरलेल्या वेळात विचारा: हे कोणी कोणाला लिहिलं, आणि काय लिहायचं टाळलं असेल?