मोठ्या रिटेल कंपनीच्या दुकानात नोकरी धरताना

हडपसर, विमाननगर, पिंपरी-चिंचवड आणि आता बाणेर-वाकड अशा पुण्याच्या सर्व बाजूंना मोठ्या रिटेल कंपन्यांची दुकाने उभी राहिली असून, बारावी किंवा पदवी झालेल्या मुलामुलींना तिथे तुलनेने लवकर नोकरी मिळते. हे काम मेहनतीचे असले तरी त्यातून माणसाला व्यवहार नीट कळतो. मात्र रुजू होण्यापूर्वी आणि पहिल्या काही महिन्यांत काही गोष्टी डोळसपणे तपासून घेतल्या नाहीत, तर त्याच कामाचा जाच होतो.

पहिला प्रश्न पगाराच्या आकड्याचा नसून पेरोलचा, म्हणजे तुम्ही कागदोपत्री कोणाचे नोकर आहात याचा आहे. एकाच रॅकपाशी उभ्या असलेल्या तिघांपैकी एक कंपनीच्या पेरोलवर, दुसरा मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीकडे आणि तिसरा एखाद्या ब्रँडने नेमलेला प्रमोटर असू शकतो. तिघांना सूचना एकाच मॅनेजरकडून मिळतात, पण बढती, रजा आणि नोकरीची शाश्वती तिघांची वेगवेगळी असते. म्हणून नेमणूकपत्र कोणाच्या लेटरहेडवर आहे ते आधी पाहावे आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

त्यानंतर सीटीसी (कंपनी तुमच्यावर करत असलेला एकूण खर्च) बाजूला ठेवून हातात किती पडणार ते विचारावे. समजा, एकूण पगार 18,000 रुपये असून त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 15,000 रुपये आहेत, तर भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्क्यांनी 1,800, ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) 0.75 टक्क्यांनी 135 आणि व्यवसाय कराचे 200 रुपये वजा होऊन 15,865 रुपये हातात येतात. महाराष्ट्रात महिलांना 25,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, त्यामुळे त्याच पगारात त्यांच्या हातात 200 रुपये जास्त पडायला हवेत. फेब्रुवारीत हा कर 300 रुपये कापला जातो, तेव्हा त्या महिन्याची पगारपावती पाहून गोंधळून जाऊ नये. निधीचा यूएएन क्रमांक (नोकरी बदलली तरी कायम राहणारा खाते क्रमांक) पहिल्याच महिन्यात मागून घ्यावा आणि कापलेली रक्कम खात्यात खरोखर जमा होते आहे का, हे स्वतः पाहावे.

कामाच्या तासांबाबत महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांना लागू होतो (2025 च्या दुरुस्तीपूर्वी ही संख्या दहा होती). आठवड्याला 48 तासांची मर्यादा, एक साप्ताहिक सुटी, जादा कामाला दुप्पट दर, वर्षाला आठ किरकोळ रजा आणि आठ पगारी सुट्या अशी त्यात तरतूद आहे. या सुट्यांमध्ये 26 जानेवारी आणि 15 ऑगस्ट येतात आणि मोठ्या दुकानांचे सर्वांत मोठे सेलही नेमके तेव्हाच असतात. त्या दिवशी काम केल्यास काय मोबदला मिळणार, हे आधीच लेखी विचारून ठेवावे. शनिवार-रविवारी सुटी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. महिन्याचा पहिला आठवडा, गणपती आणि दिवाळी हे आपले कामाचे दिवस आहेत, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवलेले बरे.

रात्री शटर खाली ओढले की काम संपत नाही, कारण त्यानंतर कॅश जुळवणे आणि रॅक भरणे उरलेले असते. म्हणून पीएमपीची (पुण्याची शहर बससेवा) आपल्या मार्गावरची शेवटची गाडी पाहूनच शिफ्ट स्वीकारावी. रात्री साडेनऊनंतर महिलांना त्यांच्या संमतीनेच आणि सुरक्षिततेची व घरी पोहोचवण्याची सोय करूनच कामावर ठेवता येते, ही गोष्ट ठामपणे सांगण्यास संकोच करू नये.

मन लावून शिकण्यासारखे काम कॅश काउंटरचे आहे, कारण तिथली चूक थेट तुमच्या नावावर पडते. सुरुवातीला मिळालेली सुट्या पैशांची रक्कम सुपरवायझरसमोर मोजूनच सही करावी. ग्राहकाने पाचशेची नोट दिली, तर उरलेले पैसे परत देईपर्यंत ती ड्रॉवरमध्ये न टाकता समोर दिसेल अशी ठेवावी. मी पाचशेची दिली होती की दोनशेची, हा वाद तिथेच मिटतो. यूपीआयचे पैसे आले की नाही, हे ग्राहकाच्या मोबाइलवर न पाहता आपल्या मशीनवर पाहावे. बिल रद्द करताना सुपरवायझरची सही त्याच वेळी घ्यावी, नंतरवर टाकू नये. दिवसअखेर रक्कम कमी भरली तर त्याच रात्री रजिस्टरमध्ये नोंद करावी. जास्त भरली तरी तीच पद्धत पाळावी. पुढे कधी तूट आली तर भरता येईल म्हणून जादाचे पन्नास रुपये बाजूला ठेवण्याची सवय अनेक नवख्यांना लागते आणि तपासणीत तेच पैसे त्यांच्या प्रामाणिकपणावर संशय आणतात.

तूट पगारातून सरसकट कापली जात असेल, तर ते निमूटपणे सोसू नये. तुमच्या ताब्यात दिलेल्या रकमेचे किंवा मालाचे नुकसान तुमच्याच हयगयीमुळे झाले असेल तरच, आणि तेही तुमचे म्हणणे ऐकून घेतल्यावरच, कपात करता येते. संपूर्ण विभागातून हरवलेल्या मालाची रक्कम सगळ्यांमध्ये वाटून कापणे यात बसत नाही.

फ्लोअरवर दोन गोष्टी सांभाळल्या की निम्मी भांडणे टळतात. नवा माल मागे आणि आधी मुदत संपणारा माल पुढे लावावा, आणि ऑफर बदलली की रॅकवरची किमतीची पट्टी ताबडतोब बदलावी, कारण पट्टीवरची किंमत आणि बिलातली किंमत यांत फरक निघाला की ग्राहकाचा राग योग्यच असतो. दिवसभर उभे राहावे लागते, तेव्हा दिसायला चांगल्या बुटांपेक्षा जाड व मऊ तळव्याचे बूट घ्यावेत. कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय हवी, असा कायदा केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये केला. आपल्याकडेही ती सोय मागण्यात काहीच गैर नाही.

तक्रार आधी एचआरकडे ईमेलने करावी, म्हणजे तारीख राहते. लैंगिक छळाची तक्रार 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत द्यावी. वेतनासाठी कामगार आयुक्तालयाचे आणि निधीसाठी गोळीबार मैदानाजवळच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचे दार खुले आहे. नोकरी सोडताना नोटीस कालावधी पूर्ण करावा, शिल्लक अर्जित रजेचे पैसे मागावेत, अनुभव प्रमाणपत्र घ्यावे आणि जुनाच यूएएन नव्या ठिकाणी द्यावा.