मध्यस्थीच्या खोलीत बसण्यापूर्वीची तयारी

नवराबायकोच्या वादात मध्यस्थीची तारीख मिळाली की बहुतेक माणसं तक्रारींची तयारी करून येतात. कोण कधी काय बोललं, कुणाच्या आईने काय केलं, कुठला मेसेज रात्री किती वाजता आला. एवढ्या वर्षांचं दुखणं असतं, ते बाहेर येणारच. पण आम्ही मध्यस्थ निकाल देत नाही. चूक कुणाची हे ठरवायचा अधिकारच आम्हाला नाही, त्यामुळे आमच्यापुढे पुरावे मांडून हाती काही लागत नाही. तिथे उपयोगी पडतात आकडे, कागद आणि पुढच्या वर्षाचं कॅलेंडर. एवढं घेऊन आलेल्या नवराबायकोचं बोलणं पहिल्या बैठकीतच पुढे सरकतं.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: मी तिथे मोकळेपणी बोलू शकेन का? मारहाण झाली असेल, धमक्या येत असतील, समोरच्या माणसाला पाहून तोंडातून शब्द फुटत नसेल, तर आधी सुरक्षितता. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, 181 ही हेल्पलाइन आहे, आणि पोलिसांबरोबर काम करणारा महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने तो 1984 साली मुंबईत सुरू केला, पुढे तो राज्यात इतरत्रही पोहोचला. तरीही मध्यस्थीला बसायचं ठरवलं, तर मध्यस्थाला पहिल्याच भेटीत सांगा की आम्हाला वेगवेगळं बसवा, येण्याजाण्याच्या वेळाही वेगळ्या ठेवा. ही मागणी रास्त आहे, ती करताना संकोच नको. आणि उठून जायचा हक्क शेवटपर्यंत तुमचाच असतो.

कौटुंबिक न्यायालयात आधी विवाह समुपदेशक भेटतात. तिथे जमलं नाही म्हणजे सगळं संपलं, असं समजून लोक खचतात. तसं नाही. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 9 नुसार समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच आहे, आणि के. श्रीनिवास राव प्रकरणात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की समुपदेशकांचा अहवाल नकारार्थी आला तरी पक्षकारांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवावं. न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात मध्यस्थाची फी पक्षकारांना द्यावी लागत नाही. दावा लावायच्या आधीच बोलणी करायची असतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व अर्ज करता येतो. तिथेच बायकांना वकीलही मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

खोलीतलं बोलणं न्यायाधीशांपर्यंत जात नाही. तडजोड झाली तर तिचा कागद जातो, नाही तर ‘झाली नाही’ एवढंच कळवलं जातं. म्हणून फोनवरचं रेकॉर्डिंग बंद ठेवा आणि मनातला खरा आकडा निदान मध्यस्थाला एकट्याने भेटाल तेव्हा तरी सांगा.

आता कागद. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांसाठी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र दोघांनाही बंधनकारक केलं आणि त्याचा नमुनाही दिला. प्रकरण न्यायालयात गेलेलं नसलं तरी तो नमुना मिळवा आणि घरी बसून भरा, कारण त्याहून चांगली यादी मला माहीत नाही. पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्रं, बँकेची खातेपत्रं, पीएफ, विमा, कर्ज. शेती असेल तर सातबारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिलं, अडत्याच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या. शेतीत काही पिकतच नाही, हे वाक्य त्या पट्ट्यांपुढे फार टिकत नाही. घरखर्च मात्र अंदाजाने लिहू नका. गेल्या तीन महिन्यांतला भाडं, किराणा, औषधं, रिक्षा, फी असा प्रत्यक्ष खर्च मांडा. दरमहा पोटगी हवी की एकरकमी, दरमहा असेल तर दरवर्षी किती वाढ, कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात, याचा विचार घरूनच करून या. खोलीत पहिल्यांदा ऐकलेल्या आकड्याला लोक रागाने नाही म्हणतात किंवा थकून हो म्हणतात, आणि दोन्हीचा नंतर पश्चात्ताप होतो.

स्त्रीधन ही वेगळी यादी आहे, ती पोटगीत मिसळू देऊ नका. ते बायकोच्या मालकीचंच असतं. पाटल्या, तोडे, मंगळसूत्र, माहेरून आलेली भांडी, सासरकडून अंगावर घातलेलं. लग्नाच्या बैठकीत केलेली याद, म्हणजे देण्याघेण्याची लेखी यादी, घरात असेल तर ती शोधा, सराफाची बिलं काढा, नाही सापडली तर लग्नाचे फोटो चाळा. कोणता दागिना कुठल्या लॉकरमध्ये, कोणता मोडला, कोणता सोनेतारणात, हे शक्य तितकं लिहा.

घराच्या बाबतीत एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. गृहकर्ज दोघांच्या नावावर असेल तर ‘यापुढे हप्ते नवरा भरेल’ असं संमतीपत्रात, म्हणजे तडजोडीच्या लेखी अटींत, लिहिल्याने बँकेला काही फरक पडत नाही. बँक तुमचं नाव लेखी काढेपर्यंत तुम्ही कर्जदारच. म्हणून तारखेआधी शाखेत जाऊन विचारा की एकाच्या उत्पन्नावर कर्ज चालू राहील का. घर एकाच्या नावावर करायचं असेल तर दस्त हुकूमनाम्याआधी, म्हणजे न्यायालयाच्या घटस्फोटाच्या अंतिम आदेशाआधी, करायचा की नंतर हेही वकिलांशी बोला. नवराबायकोतल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे, आणि घटस्फोटानंतर तुम्ही नवराबायको राहत नाही. लग्नाची नोंद गोव्यात झाली असेल तर सगळा हिशोबच निराळा: वेगळा करार केलेला नसेल तर तिथे मालमत्ता दोघांची समाईक धरली जाते, त्यामुळे तिथल्याच वकिलाचा सल्ला घ्या.

मुलांसाठी सर्वांत जास्त वेळ राखून ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा असं 1956 चा हिंदू अज्ञानत्व (अल्पवय) व पालकत्व कायदा सांगतो. त्यापुढे मुलाचं हित. पण ‘ताबा आईकडे, वडिलांना भेटीचा हक्क’ ही ओळ मुलाच्या एकाही आठवड्याला पुरत नाही. कॅलेंडर समोर ठेवा. दर रविवारी की एकाआड एक? शनिवारी संध्याकाळी नेऊन रविवारी आणायचं तर किती वाजता, आणायला कोण येणार, सोसायटीच्या दारात की वर घरी? गणपती कुणाकडे, दिवाळी कुणाकडे, भाऊबीजेला बहीणभाऊ एकत्र असतील ना? मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी की आलटून-पालटून? मूल आजारी पडलं तर दुसऱ्याला कधी कळवायचं? मुंजीला आई आणि वडील दोघेही बसणार का? आजी-आजोबांना नातवंड भेटणार कसं? पासपोर्टच्या अर्जावर सही करायला नंतर कुणी अडवणार नाही ना? शाळेची फी कोण भरणार ते ठरतं, पण बारावीनंतरच्या प्रवेशाचं काय, क्लासचं काय, हे राहून जातं. मुलगी आज सहा वर्षांची असेल तर ती सोळाची होईपर्यंतचा विचार आत्ताच करायचा आहे. आणि मुलाची पोटगी आईने ‘मला काही नको’ म्हणून लिहून दिली तरी मुलाचा हक्क संपत नाही. ते वाक्य मसुद्यात आलं तर काढायला लावा. मुलाला मात्र ‘तू कुणाकडे राहणार’ असं विचारून खोलीत आणू नका. त्याला विचारायची गरज पडली तर समुपदेशक विचारतील.

चालू असलेल्या सगळ्या केसेसची क्रमांकासह यादी करा. पोटगी, हिंसाचाराचा अर्ज, फौजदारी गुन्हा. यातली 498-अ ची, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाची केस, जी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली नोंदली जाते, दोघांच्या समेटाने आपोआप मिटत नाही. ती उच्च न्यायालयातून रद्द करून घ्यावी लागते आणि त्यासाठी तक्रारदार बाईंचं शपथपत्र लागतं. ते कधी द्यायचं, पैशाच्या कुठल्या टप्प्यावर, हे संमतीपत्रात लिहिलेलं असलं पाहिजे.

पैशाचे टप्पे पाडायचं कारणही समजून घ्या. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली परस्पर संमतीचा अर्ज करायला एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. अमरदीप सिंग प्रकरणातल्या 2017 च्या निकालानंतर, वेगळं राहून दीड वर्ष उलटलं असेल आणि पोटगी, मुलं, सगळं मिटलेलं असेल, तर हा सहा महिन्यांचा काळ माफ करण्याची विनंती करता येते. मात्र हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतो, हे 1991 पासून ठरलेलं आहे. म्हणून काही रक्कम अर्जाच्या वेळी आणि उरलेली शेवटच्या तारखेला डिमांड ड्राफ्टने, अशी विभागणी दोन्ही बाजूंना निश्चिंत ठेवते.

बरोबर कोण येणार तेही आधी ठरवा. बाहेरच्या बाकावर मामा, दीर, वडील बसलेले चालतील, पण आत फक्त तुम्ही आणि हवा तर वकील. तडजोड जवळ आली की आत येऊन ‘आमच्या मुलीला एवढंच?’ म्हणणारं माणूस प्रेमापोटीच म्हणतं, पण बोलणी पुन्हा सुरुवातीला जाते.

मसुदा बहुधा इंग्रजीत येतो. मराठीतून समजावून मागा, घरी न्या, एक रात्र जाऊ द्या, मगच सही. ‘आज सही झाली नाही तर बोलणी मोडतील’ असं कुणी म्हणालं तर पुढची तारीख मागून घ्या, ती मिळते.

हुकूमनामा झाला की प्रमाणित प्रती दोनतीन काढून घ्या. बँक, सोसायटी, पासपोर्ट कार्यालय, सगळीकडे त्या लागतात. विमा, पीएफ आणि बँक खात्यांवरची वारसनोंद त्याच आठवड्यात बदला, आणि मुलाच्या शाळेत जाऊन घ्यायला कोण कधी येणार ते लेखी देऊन या.