दगड हातात घेण्याआधी

शिल्पकला शिकायला येणाऱ्यांचा हात आधी मातीत बसतो, आणि दगडातली पहिली चूक तिथूनच येते. मातीत कमी पडलं तर गोळा थापता येतो. दगडात नाकाचा टवका उडाला की गाल, कपाळ, हनुवटी सगळं तेवढंच आत न्यावं लागतं. त्यामुळे मातीचं किंवा प्लास्टरचं नमुनाशिल्प शेजारी ठेवल्याशिवाय दगडाला टाकी लावू नये.

पहिले एक-दोन तुकडे शंखजिऱ्याचे घ्या. ते नखानेही ओरखडतं. त्यात आकार समजतो, पण घाव समजत नाही. त्यानंतर संगमरवर. काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा, मोह पहिल्या वर्षी टाळा. महाराष्ट्रात तो पायाखालीच असतो, पण सगळाच कोरण्याजोगा नसतो. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या पुढे झिओलाइट, कॅल्साइट किंवा गार अशा खनिजांनी भरतात. असा थर लागला की नेमकी पापणीच्या जागी पांढरी गोटी निघते आणि सुटून हातात येते. घट्ट, एकसंध दगडच मूर्तीचा.

विकत घेताना दगड जमिनीवर सपाट टेकवू नका; दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवून हातोडीने वाजवा. खणखणला तर ठीक, बद्द वाजला तर आत चीर आहे. शिल्पशास्त्रात आवाजावरून शिळेचे पुरुष, स्त्री, नपुंसक असे भेद केले, त्यामागे हाच व्यवहार आहे. मग दगडावर पाणी ओता. पृष्ठभाग सुकत आला तरी एखादी रेघ ओली, काळपट राहते, ती चीर. वजनाचाही अंदाज हवा. एक घनफूट संगमरवर सुमारे 76 किलो भरतो, बेसाल्ट 80 च्या पुढे. एकट्याने हलवता येणार नाही असा दगड शिकताना घेऊ नये. उलट 10-12 किलोचा तुकडा घावागणिक सरकतो, म्हणून तो वाळूच्या पोत्यावर बसवा.

सुरुवातीला एवढं पुरतं: 700 ग्रॅम ते 1 किलोचा हातोडा, टोकदार टाकी, दातेरी छिन्नी, सपाट छिन्नी, कानशी, काटकोन तपासायचा गुण्या आणि मापं घ्यायचा कॅलिपर. काळ्या पाषाणाला आणि ग्रॅनाइटला कार्बाइड टोकाची टाकी घ्यावी. पोलादी टाकीला भट्टीत पाणी देताना, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करताना, ते जास्त झालं तर टोक तुटतं, कमी झालं तर वळतं. टाकीचं डोकं घावांनी छत्रीसारखं पसरलं की कडा घासून टाका, कारण उडणारी पहिली कपची तीच असते. नजर मात्र डोक्यावर ठेवायची नाही. ती टोकावर हवी.

संगमरवरात टाकी 45 ते 60 अंशांवर धरा. सरळ उभी मारली तर आतले स्फटिक ठेचले जातात. त्या वेळी काही दिसत नाही. पॉलिश करताना पांढरा ठिपका उगवतो, आणि तो काही मिलिमीटर खोल असतो. म्हणून अंतिम पृष्ठभागाच्या एक सेंटिमीटर अलीकडेच टोकदार टाकी थांबवायची आणि पुढे दातेरी छिन्नी घ्यायची. काळ्या पाषाणात टाकी बरीच उभी लागते. तो ठेचूनच निघतो.

दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. मान, मनगट, घोटा शेवटपर्यंत जाड ठेवा. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात वरून खाली खोदत आणलं, त्यामुळे खालचा अखंड कातळच आधार आणि उभं राहायची जागा झाला. सुट्या शिल्पातही शक्यतो वरून खाली या आणि बाहेर आलेला हात धडाशी दगडाच्याच पुलाने जोडलेला ठेवा. तो पूल घावाने तोडू नका, कापून काढा.

ग्राइंडर, म्हणजे दगड कापायचं-घासायचं विजेचं हातयंत्र, पहिल्या सहा महिन्यांत नकोच, असं आमचं स्पष्ट मत आहे. दगड कुठे फुटायला बघतो हे हाताला कळायच्या आत यंत्र पुढे निघून जातं. धुळीचा प्रश्न तर आहेच. वालुकाश्म आणि ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे गार, भरपूर असतं. त्याची बारीक धूळ फुप्फुसात साचली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. रुमाल बांधून उपयोग नाही. एन-95 किंवा त्याहून वरचा मास्क, चष्मा आणि कापताना पाणी लागतं. विजेच्या साध्या ग्राइंडरवर मात्र पाणी सोडू नका, शॉक बसेल.

पॉलिश पेपरला पाणी लावून 60, 120, 220, 400, 600 असं भरडाकडून बारीककडे चढत जायचं. एखादा नंबर गाळला की आधीच्या नंबरचे ओरखडे शेवटी चकाकीत दिसतात. प्रत्येक टप्प्यावर दगड सुकवून बघा. ओला दगड खोटं बोलतो. संगमरवरावर लोखंडी काथ्या वापरला तर अडकलेले कण गंजून पिवळे पडतात.

शिक्षणासाठी मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय (स्थापना 1857), बडोद्याची ललित कला विद्याशाखा किंवा महाबलीपुरमचं शिल्प महाविद्यालय हे रस्ते आहेत. पण पदवीच्या वर्षांत दगडाला मिळणारे तास पुरत नाहीत. सुट्ट्या पाथरवटाच्या किंवा जयपूरच्या मूर्तिकाराच्या कारखान्यात घालवाव्यात. कमाईचं म्हणाल तर पुतळ्यांची बरीच कामं फायबर आणि ब्राँझची निघतात. दगडात मूर्ती, मंदिराची घडाई आणि जुन्या वास्तूंची दुरुस्ती अशी कामं मिळतात. भाव सांगताना वाहतूक, क्रेन आणि पाया वेगळा धरा. बैठकीत बसवायची सळई स्टेनलेस स्टीलचीच वापरा. साधं लोखंड गंजून फुगतं आणि काही वर्षांत शिल्पाला तळाकडून तडा जातो.