हलका फ्री-फ्लोट हँडगार्ड निवडताना या चुका टाळा

क्रीडा रायफलीचा हँडगार्ड, म्हणजे बॅरलभोवतीचे हाताने धरायचे आवरण, बदलायचे ठरले की बहुतेकांची नजर सर्वांत आधी ग्रॅमच्या आकड्यावर जाते. हा आकडा बिनमहत्त्वाचा आहे असे नाही. मात्र हँडगार्ड बसवल्यानंतर ज्या तक्रारी सुरू होतात, म्हणजे नेम सरकणे, हँडगार्ड हाताखाली किंचित फिरणे, आतून काहीतरी घासणे, त्यांचे मूळ वजनात क्वचितच सापडते. ते मापात आणि सांध्यात सापडते. पुढील विवेचन प्रामुख्याने एआर-१५ रचनेच्या रायफलींना धरून केले आहे, कारण सुटे हँडगार्ड सर्वाधिक याच रचनेसाठी तयार होतात. काम हाती घेण्यापूर्वी मॅगझिन काढून, चेंबर (काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून रायफल रिकामी असल्याची खात्री करावी, आणि आपल्या परवान्यात असा बदल बसतो की नाही हेही आधीच विचारून घ्यावे.

पहिली गफलत अपेक्षेची असते. जुन्या पद्धतीच्या हँडगार्डाचे दोन अर्धे भाग मागे स्प्रिंगच्या कड्यात आणि पुढे थेट बॅरलवर बसवलेल्या टोपीत अडकतात. त्यामुळे हाताचा दाब, बायपॉडवर (दोन पायांच्या आधारावर) टाकलेला भार आणि पुढच्या माशीच्या (नेम धरण्याच्या खुणेच्या) बुडाशी अडकवलेल्या स्लिंगचा, म्हणजे पट्ट्याचा, ताण हे सगळे बॅरलपर्यंत पोचतात आणि ते किंचित वाकवतात. बारीक बॅरलमध्ये हा परिणाम अधिक जाणवतो. फ्री-फ्लोट हँडगार्ड केवळ मागच्या टोकाला, बॅरल नटावर (बॅरल जागी आवळणाऱ्या नटावर) किंवा रिसीव्हरवर (बोल्ट सामावणाऱ्या मधल्या सांगाड्यावर) पकडलेला असतो आणि पुढे बॅरलला कोठेही टेकत नाही, त्यामुळे बाहेरचा दाब बदलला तरी गोळी लागण्याची जागा बदलत नाही. त्याचे काम एवढेच आहे. झिजलेले बॅरल किंवा रायफलीला न मानवणारी काडतुसे असतील, तर हँडगार्ड बदलून गोळ्यांचा पुंजका लहान होणार नाही. टेबलावर वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून, स्लिंग न ताणता मारणाऱ्याला तर कित्येकदा फारसा फरकच दिसत नाही. स्लिंग ताणून झोपून मारणाऱ्याला तो लगेच दिसतो.

लांबी ठरवताना गॅस प्रणालीचा विसर पडणे

एआर-१५ मध्ये कार्बाइन, मिड-लेंथ आणि रायफल या लांबीच्या गॅस प्रणालींसाठी (बॅरलमधला थोडा वायू मागे नेऊन रायफल चालवणाऱ्या यंत्रणांसाठी) पारंपरिक हँडगार्ड अनुक्रमे सुमारे ७, ९ आणि १२ इंचांचे असतात. त्याहून लांब फ्री-फ्लोट हँडगार्ड घेतला की तो गॅस ब्लॉकच्या (बॅरलमधून हा वायू घेणाऱ्या ठोकळ्याच्या) पुढे जातो, म्हणजेच गॅस ब्लॉक त्याच्या पोटात येतो. बॅरलवर त्रिकोणी, उंच माशीचे बूड पक्के बसवलेले असेल तर लांब हँडगार्ड चढणारच नाही. अशा वेळी एक तर त्या बुडाच्या मागे संपणारा हँडगार्ड घ्यावा लागतो, नाही तर बूड काढून ठेंगणा गॅस ब्लॉक बसवावा लागतो, आणि हे दुसरे काम जाणकार कारागिराकडून करून घेतलेले बरे.

ठेंगणा गॅस ब्लॉकही प्रत्येक सडपातळ हँडगार्डात मावतोच असे नाही. अनेक सडपातळ हँडगार्डांचा आतला व्यास ३३ मिमीच्या आसपास असतो. गॅस ब्लॉकच्या जागी बॅरलचा व्यास बहुधा ०.७५० इंच, म्हणजे १९.०५ मिमी असतो. त्याभोवती ब्लॉकची जाडी, वर गॅस ट्यूब आणि खाली ब्लॉकचे स्क्रू एवढे सगळे त्या पोकळीत बसवायचे असते. जाड बॅरलवरचा ०.९३६ इंची ब्लॉक किंवा गॅसचे प्रमाण कमी-जास्त करता येणारा ब्लॉक असेल तर जागा आणखी आटते. शिवाय अशा ब्लॉकचा स्क्रू पुढून फिरवायचा की बाजूने, आणि हँडगार्डाच्या खाचेतून तेथवर किल्ली पोचते का, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे. पुष्कळजण हे बसवल्यावर पाहतात.

पुढच्या टोकाचा हिशोबही फसवा असतो. बॅरलची लांबी बोल्टच्या तोंडापासून मोजतात, हँडगार्डची रिसीव्हरच्या पुढच्या कडेपासून. त्यामुळे १६ इंची बॅरलवर १५ इंची हँडगार्ड चढवल्यावर बाहेर एक इंच उरेल असे कागदावर वाटले, तरी प्रत्यक्षात त्याहून कमी उरते. तोंडावर रुंद ब्रेक (धक्का कमी करणारा भाग) असेल आणि तो हँडगार्डच्या आत जाऊ लागला तर त्यातून सुटणारा वायू हँडगार्डच्या कडेवर आदळतो, आणि ब्रेक सोडवायला पाना लावण्याचीही पंचाईत होते.

‘एआर’ म्हटले की सगळे एकच, असे समजणे

एआर-१५ च्या रिसीव्हरवरील बॅरल नटाचे आटे सर्वसाधारणपणे १.२५ इंच व्यासाचे, इंचाला १८ असे ठरलेले आहेत. म्हणून या मापात बहुतेक हँडगार्ड एकमेकांच्या जागी चालतात. .३०८ काडतुसाच्या मोठ्या रायफलींना असे एकच प्रमाण नाही. डीपीएमएस आणि आर्मालाइट या दोन उत्पादकांच्या धाटण्यांमध्ये रिसीव्हरची घडण वेगळी आहे, आणि डीपीएमएस धाटणीतही वरच्या रेलच्या (उपकरणे बसवायच्या पट्टीच्या) उंचीनुसार ‘हाय’ आणि ‘लो’ असे दोन प्रकार आहेत. चुकीचा प्रकार घेतला तर हँडगार्ड कदाचित चढेल, पण दोन्ही रेलमध्ये पायरी राहील. पायरी नसली तरी दुर्बिणीचा माउंट अर्धा रिसीव्हरवर आणि अर्धा हँडगार्डवर कधीही बसवू नये; हँडगार्ड जेवढा वाकेल तेवढा ताण थेट दुर्बिणीवर जाईल. याच कारणाने घडीची पुढची माशी हँडगार्डवर असेल आणि टोकाला बायपॉड दाबून धरला असेल, तर नेम सरकल्याचा दोष बॅरलला देऊ नये.

ग्रॅमचा आकडा कोरा वाचणे

हलक्या गटातील १५ इंची हँडगार्ड साधारणपणे २०० ते ३५० ग्रॅमच्या दरम्यान मिळतात. हे वजन बॅरल नट आणि स्क्रू धरून आहे की नळकांड्याचे एकट्याचे, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा, कारण पोलादी नट पुष्कळ भर घालतो आणि तो वगळला की कोणताही हँडगार्ड स्वस्तात हलका दिसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वजन कोठे आहे. रायफल एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर वळवताना होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. रिसीव्हरपासून ४० सेंमीवरचे १०० ग्रॅम हे २० सेंमीवरच्या ४०० ग्रॅमइतके जड लागतात. म्हणून ५० ग्रॅम वाचवण्यासाठी महागडा हँडगार्ड घेऊन त्याच्या अगदी टोकाला जड बायपॉड टांगणे मला तरी पैशाचा अपव्यय वाटतो. वरची पिकॅटिनी (ठरावीक मापाच्या खाचांची) रेल मधल्या भागात तुटक ठेवलेले हँडगार्ड वजनाच्या दृष्टीने चांगले असतात, कारण त्या भागात सहसा काही बसवायचे नसते.

धातूविषयी एक समज इतका पसरला आहे की त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. ७०७५ प्रतीचे अॅल्युमिनियम ६०६१ पेक्षा ‘कडक’ असल्याने त्याचा हँडगार्ड कमी वाकतो, असे सांगितले जाते. टी६ (उष्णतेने बळकट केलेल्या) अवस्थेत ७०७५ ची बळकटी ६०६१ च्या जवळपास पावणेदोन पट आहे हे खरे; म्हणजे आपटल्यावर त्याला पोचा उशिरा पडतो आणि त्याचे आटे उशिरा निसटतात. पण भाराखाली किती लवायचे हे ठरवणारा स्थितिस्थापकता गुणांक दोन्हींचा जवळजवळ सारखाच, ७० गिगापास्कलच्या आसपास आहे. त्यामुळे सारख्याच आकाराचे दोन हँडगार्ड सारखेच लवतील. लवचिकता कमी करायची तर व्यास, भिंतीची जाडी आणि खाचांची मांडणी पाहावी लागते. लांबीचा परिणाम तर घनाच्या प्रमाणात होतो: बाकी सारे सारखे ठेवून १३ ऐवजी १५ इंचांचा हँडगार्ड घेतला आणि भार टोकालाच दिला, तर तो सुमारे दीडपट लवतो. मॅग्नेशियम वजनाला खूपच हलके, पण त्याचा गुणांक ४५ गिगापास्कलच्या घरात आणि गंजाला ते नाजूक. कार्बन फायबर हाताला कमी तापते. मात्र अॅल्युमिनियमच्या नटाशी त्याचा ओलसर हवेत थेट संपर्क राहिला तर अॅल्युमिनियम झिजते, म्हणून दोहोंमध्ये विलग करणारा थर आहे का ते पाहावे.

सांध्याकडे दुर्लक्ष

एक टोक मोकळे असलेली नळी केवढ्याशा पकडीवर उभी आहे, हे खरे पाहायचे. नट लांब आणि जाड असेल, हँडगार्ड त्यावर चांगला खोलवर चढत असेल आणि रिसीव्हरच्या रेलला धरणारे दोन कान असतील, तर हँडगार्ड फिरत नाही. केवळ दोन छोट्या स्क्रूंनी आवळलेली अरुंद पकड असेल, तर तेथे वाचवलेले ग्रॅम पुढे महाग पडतात. पर्याय असेल तर मी नेहमी ३० ग्रॅम जड पण खोल पकडीचा हँडगार्ड निवडेन.

बसवताना होणाऱ्या चुका याच सांध्याभोवती घडतात. एआर-१५ च्या मूळ बॅरल नटासाठी लष्करी पुस्तिकेत ३० ते ८० फूट-पौंड, म्हणजे सुमारे ४१ ते १०८ न्यूटन-मीटर अशी कक्षा दिलेली आहे. हँडगार्डसोबत येणाऱ्या खास नटाचा टॉर्क (आवळण्याचा जोर) मात्र त्याच्या निर्मात्याचाच पाळावा. आट्यांना मॉलिब्डेनमचे ग्रीस लावावे, ग्राफाइटचे नव्हे, कारण ग्राफाइट अॅल्युमिनियमच्या गंजाला हातभार लावते. ज्या नटाच्या खाचेतून गॅस ट्यूब जाते, तो ठरलेल्या कक्षेत पुढे आवळतच खाच जुळवावी. जुळत नाही म्हणून मागे सैल करू नये. हँडगार्डचे स्क्रू इंच-पौंडात आवळायचे असतात, आणि येथे एककाचा गोंधळ बारा पटींचा होतो: ३५ इंच-पौंड म्हणजे ४ न्यूटन-मीटर, तर ३५ फूट-पौंड म्हणजे ४७. दुसऱ्या आकड्याला अॅल्युमिनियमचे आटे हमखास निघून येतात.

तक्रार उद्भवली तर शोध कोठून घ्यावा

नेम सरकत असेल तर साध्या कागदाची पट्टी बॅरलभोवती गुंडाळून नटापासून तोंडापर्यंत सरकवून पाहावी. ती गॅस ब्लॉकशी अडेल. तेथे हँडगार्ड आणि ब्लॉक यांच्यामधून तीच पट्टी वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी घालावी. नंतर हँडगार्ड उतरवून आतली भिंत विजेरीने पाहावी. काळ्या अॅनोडायझिंगवर नखाएवढा चकचकीत, चंदेरी ओरखडा असेल आणि त्याच्या बरोबर समोर ब्लॉकच्या कोपऱ्यावरचा काळा थर गेलेला असेल, तर स्पर्श कोठे होतो याचा आणखी पुरावा नको. ओरखडा ब्लॉकपाशी नसून एखाद्या खाचेसमोर बॅरलवरच असेल, तर एम-लॉक (उपकरणे बसवण्याच्या) खाचेत बसवलेल्या उपकरणाचा लांब स्क्रू आत आलेला असण्याची शक्यता मोठी. तो योग्य लांबीचा घातला की काम भागते. रायफल आधाराला रिसीव्हरजवळ आणि मग हँडगार्डच्या टोकाजवळ टेकवून पुंजके मारून पाहिल्यास, दोन्ही पुंजक्यांच्या मध्यबिंदूत फरक पडतो की नाही हेही कळते.

हँडगार्ड बदलल्यानंतर रायफल काडतूस नीट फेकेनाशी झाली, तर काडतुसांना दोष देण्याआधी गॅस ट्यूब पाहावी. कॅरिअरमधून (बोल्ट वाहणाऱ्या सरकत्या भागातून) बोल्ट काढून, रिकामे कॅरिअर वरच्या रिसीव्हरमध्ये हाताने हळू पुढे सरकवावे; त्याच्यावरची गॅस की (छोटी नळी) ट्यूबवर अलगद चढली पाहिजे. ती शेवटच्या टप्प्यात अडखळत असेल, तर नटाची खाच ट्यूबला बाजूला रेटते आहे.

हँडगार्ड सैल होत असेल तर स्क्रूंच्या डोक्यांवरून हँडगार्डवर जाणारी रंगाची बारीक रेघ ओढून ठेवावी आणि पहिल्या सरावानंतर ती पाहावी. रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू नुसता पुन्हा आवळू नये. तो काढून आटे विद्रावकाने तेलमुक्त करावेत, कारण तेलकट आट्यांत थ्रेडलॉकर (आटे घट्ट धरणारा चिकट द्रव) नीट धरत नाही. मग मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा एक थेंब लावून ठरलेल्या टॉर्कला आवळावे आणि तो पूर्ण वाळेपर्यंत रायफल वापरू नये. एवढे करूनही रेघ पुन्हा तुटली, तर नटाच्या आणि हँडगार्डच्या व्यासात फट आहे का ते पाहावे, आणि ती आढळल्यास हँडगार्ड व नट दोन्ही एकत्रच बदलून घ्यावेत.