जुन्या मारुती ८००ला फोन चार्जिंगचं सॉकेट: वायर, फ्यूज आणि अर्थिंग

मारुती ८००चं उत्पादन २०१४ साली थांबलं, पण गाड्या अजून धावताहेत. त्यातल्या साध्या मॉडेलच्या बऱ्याच गाड्यांत सिगारेट लायटरच्या जागी नुसतं प्लॅस्टिकचं झाकण असतं. इथे दिलेली पद्धत ओम्नी, जुनी अल्टो अशा १२ व्होल्टच्या कुठल्याही साध्या गाडीला चालते. काम दीड-दोन तासांचं आहे. आधी ते झाकण काढून मागे बघा. कधी कधी कंपनीच्या वायरिंगचा प्लग तिथे रिकामा लोंबत असतो. त्यात चावी फिरवल्यावर १२ व्होल्ट येत असतील तर अर्धं काम वाचलं.

सॉकेट घेताना त्यावर वॉट किती लिहिलेत ते बघा. १८ वॉटचे दोन यूएसबी पोर्ट म्हणजे ३६ वॉट. आतल्या सर्किटमध्ये थोडं वाया जातं ते धरून बॅटरीकडून सुमारे साडेतीन अँपिअर ओढले जातात. त्याला ५ अँपिअरचा फ्यूज आणि १ स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड तांब्याची ऑटो वायर पुरते. ३० वॉटचा टाइप-सी पोर्ट आणि जोडीला १८ वॉटचा असेल तर फ्यूज साडेसातचा, वायर तीच. घरातल्या वायरिंगची एकाच जाड तारेची वायर वापरू नका, गाडीच्या थरथरीने ती आतून तुटते.

टायरमध्ये हवा भरायचा पंप याच सॉकेटवर चालवण्याचा मोह होतो. तो पंप दहा-बारा अँपिअर ओढतो. त्याच्यासाठी बॅटरीपासून वेगळी अडीच स्क्वेअर एमएमची वायर, १५ अँपिअरचा फ्यूज आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) असं स्वतंत्र सर्किट करा.

बाकी सामान: दोन रंगांची वायर प्रत्येकी ३ मीटर (लाल आणि काळी), एक फ्यूज टॅप (मूळ फ्यूजच्या खाचेत बसणारा, मूळ फ्यूजशेजारी दुसरा फ्यूज घेऊन त्यातून नवी वायर काढून देणारा तुकडा), ६ एमएम बोल्टचं रिंग थिंबल (थिंबल म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), सॉकेटमागच्या पात्यांवर बसणारी दोन थिंबलं, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी), केबल टाय, वायर घालायला कोरुगेटेड पाइप. हत्यारांत क्रिम्पिंगची (थिंबल वायरवर दाबून बसवायची) पकड, १० नंबरचा पाना आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर नसेल तर हे काम सुरूच करू नका. अंदाजाने वायर शोधण्यातच गाड्यांची वायरिंग जळते.

पॉझिटिव्ह कुठून घ्यायचा, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. थेट बॅटरीवरून घेतला तर चावी काढल्यावरही सॉकेट चालू राहतं. त्यावरचा व्होल्टमीटर आणि निळा दिवा मिळून २० मिलिअँपिअर खात असतील, तर दिवसाला साधारण अर्धा अँपिअर-अवर जातो. महिनाभर गाडी उभी राहिली की ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतले चौदा-पंधरा गेले, आणि बॅटरी जुनी असेल तर सकाळी सेल्फ नुसता टक् करतो. म्हणून चावी एसीसीवर (इंजिन बंद असताना रेडिओ चालतो त्या खुणेवर) किंवा ऑनवर असतानाच वीज मिळेल अशा फ्यूजवरून घ्या. रेडिओचा फ्यूज सगळ्यांत बरा. हेडलाइट, ब्रेक लाइट, फ्युएल पंप आणि इंजिनच्या कंट्रोल युनिटच्या फ्यूजला हात लावू नका. सीएनजी किट असेल तर त्याच्या वायरींपासूनही लांब राहा.

फ्यूज टॅप उलटा बसवणं ही नेहमीची चूक. रेडिओचा फ्यूज काढा, चावी एसीसीवर ठेवा आणि मल्टिमीटरची काळी पिन बॉडीला लावून रिकाम्या खाचेच्या दोन्ही बाजू तपासा. ज्या बाजूला १२ व्होल्ट दिसतात ती येणारी बाजू. टॅपचा दोन्ही फ्यूजना सामायिक असलेला पाय त्या बाजूला गेला पाहिजे. उलटा बसला तरी सॉकेट चालतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण सॉकेटचा सगळा करंट रेडिओच्या फ्यूजमधून जायला लागतो आणि एक दिवस दोन्ही बंद पडतात. जुन्या गाडीत काचेच्या नळीचे फ्यूज असतील तर टॅप बसत नाही. तिथे चावीच्या स्विचमागच्या वायरला जोड देऊन लगेच इनलाइन (वायरच्या मध्येच बसणारा) फ्यूज लावावा लागतो, आणि ते काम चांगल्या वायरिंगवाल्याकडूनच करून घ्या.

तपासणी झाली की चावी काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. पॉझिटिव्हला हात लावायची गरज नाही.

गोल सॉकेटला साधारण २८ ते २९ एमएमचं भोक लागतं. ड्रिलला होल सॉ (गोल भोक कापणारं दातेरी पातं) लावून कमी वेगात पाडा, वेग वाढला की प्लॅस्टिक वितळून कडा फुगतात. आधी मागे हात घालून पाच-सहा सेंटिमीटर जागा मोकळी आहे का, वायरचा जुडगा किंवा हीटरची नळी आड येते का, ते चाचपा. आमचं मत विचाराल तर डॅशबोर्डला भोक पाडूच नका. खालच्या कडेला छोटी पट्टी लावून त्यात सॉकेट बसवा, काढलं तर फक्त दोन स्क्रूची भोकं राहतात.

लाल वायर टॅपपासून सॉकेटच्या पॉझिटिव्ह पातीला. साध्या लायटर सॉकेटमध्ये मधला ठिपका पॉझिटिव्ह आणि बाहेरचं कवच निगेटिव्ह असतं. वायर स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा पेडलच्या हालचालीत येता कामा नये. क्लचखाली लोंबणारी वायर पायात अडकली तर फोनचं चार्जिंग राहिलं बाजूला, जिवावर बेतेल. दर १५ सेंटिमीटरवर टाय मारा.

काळी वायर सॉकेटच्या निगेटिव्ह पातीपासून गाडीच्या पत्र्याला, हाच अर्थ. त्याला सगळे घाई करतात. डॅशबोर्डच्या आतला पत्र्यात गेलेला बोल्ट निवडा, प्लॅस्टिकमधला स्क्रू नको. बोल्ट काढा आणि पॉलिश पेपरने त्याभोवतीचा रंग रुपयाएवढा घासा, खाली चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. रिंग थिंबल आणि दातेरी वॉशर लावून बोल्ट आवळा, वरून थोडं ग्रीस फासा. कोकणात किंवा समुद्राजवळ गाडी असेल तर ग्रीस विसरू नका, नाहीतर दोन पावसाळ्यांत तांब्याच्या तारांवर हिरवी भुकटी धरते आणि फोन ‘स्लो चार्जिंग’ दाखवायला लागतो.

जोड पीळ मारून टेपने गुंडाळू नका. उन्हात उभ्या गाडीत टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटते आणि उघडी तार पत्र्याला लागते. थिंबल क्रिम्प करा, मग वायर जोरात ओढून बघा. सुटली तर आत्ताच सुटू द्या. त्यावर स्लीव्ह तापवा.

आता टॅपमध्ये फ्यूज घाला, बॅटरी जोडा. चावी एसीसीवर असताना सॉकेटवर सव्वाबारा-साडेबारा व्होल्ट, इंजिन चालू असताना सुमारे १४, आणि चावी काढल्यावर शून्य दिसलं पाहिजे. सेल्फ मारताना चार्जिंग क्षणभर तुटतं, तो दोष नाही. दोन फोन लावून अर्धा तास गाडी चालवा आणि थिंबलं बोटाने तपासा. सॉकेट कोमट लागेल, पण थिंबल चटका देत असेल तर क्रिम्प सैल आहे.

फोन लावला की एफएमवर खरखर येते का तेही ऐका. येत असेल तर लाल-काळी वायर एकमेकींना पीळ देऊन अँटेनाच्या वायरपासून दूर न्या. तरी थांबली नाही तर सॉकेटच हलक्या दर्जाचं आहे, बदला. आणि फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा घालू नका. फ्यूज वायरला जपतो; दहाच्या जागी वीसचा घातला की वितळायची पाळी वायरवर येते. अशा वेळी लाल वायर कुठे घासली आहे ते शोधा, बहुधा पत्र्याच्या एखाद्या कडेवर सापडेल.