जुन्या लष्करी कार्बाइनचं मोल कसं ठरवावं

पेठेतल्या वाड्याच्या माळ्यावर किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात आखूड नळीची लष्करी बंदूक दिसली, की पहिला प्रश्न असतो, "किती येतील हिचे?" कारखान्यातून निघताना जोडलेले किती भाग अजून तिच्या अंगावर आहेत, यावर ते बरंचसं ठरतं. वय आणि घरातली आख्यायिका यांचा नंबर त्यानंतर.

आधी नळी रिकामी आहे का पाहा. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून भरायच्या, बंदुकीत जुना बार (दारू आणि गोळी) तसाच राहिलेला असू शकतो, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. घोड्याला हात लावू नका. तोंड माणसांपासून लांब धरून बारीक लाकडी दांडी टेकेपर्यंत अलगद आत सोडा, नळीच्या तोंडाशी पेन्सिलीची खूण करा. मग तीच दांडी नळीला बाहेरून लावा. टोक निपलपर्यंत (स्फोटक टोपी बसवायच्या बोंडापर्यंत), किंवा गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या चकमकीच्या बंदुकीत रंजकाच्या भोकापर्यंत (ठिणगी आत जायच्या भोकापर्यंत), पोचलं तर नळी रिकामी. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं तर आत बार आहे असंच धरा. खरवडू नका, परवानाधारक कारागिराला बोलवा.

घासू नका. ब्रासो, चिंच, सँडपेपर यांतलं काहीही नको. लोखंडावरचा तपकिरी थर आणि लाकडावरचे पुसट शिक्के हीच तिची कागदपत्रं आहेत. एका दुपारच्या पॉलिशने ती कायमची जातात. मऊ सुती फडक्याने धूळ टिपा, पुरे.

मापं घ्या. नळी तोंडापासून मागच्या टोकापर्यंत मोजा, लाकडात स्क्रूने बसणारी मागची पट्टी धरू नका. १८५३ नमुन्याच्या एनफिल्ड आर्टिलरी कार्बाइनची नळी २४ इंच, १८५६ च्या घोडदळी कार्बाइनची २१ इंच, दोन्हींचा व्यास ०.५७७ इंच, म्हणजे सुमारे १४.७ मिलिमीटर. त्याआधीच्या चकमकीच्या पॅजेट कार्बाइनची नळी जेमतेम १६ इंच.

शिक्के वाचा. लॉकच्या (घोडा बसवलेल्या यंत्रणेच्या) पट्टीवर मुकुट, 'टॉवर' किंवा 'एनफिल्ड' हे शब्द आणि साल असतं. मुकुट धरलेला उभा सिंह म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. कंपनीचा कारभार १८५८ मध्ये संपला, त्यामुळे त्यानंतरच्या सालाशेजारी सिंह दिसला तर थबका. बाणाखाली 'आय' हे अक्षर म्हणजे हिंदुस्थान सरकारची मालकी. 'व्ही. आर.' आणि खाली १९०४? राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये वारली. असा मेळ खैबर भागात हाताने बनवलेल्या नकलांवर सापडतो. तिथे 'एन' अक्षरही कधी उलटं कोरलेलं असतं.

पुण्यात हमखास ऐकू येतं, "आमची बंदूक खडकीच्या लढाईतली." ती लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची, आणि तेव्हा सैन्यात चकमकीच्या बंदुका होत्या. लॉकवर एनफिल्ड १८५७ असेल तर आख्यायिका चुकीची आहे. त्या आख्यायिकेचे पैसे विकणाऱ्याला मोजू नका.

आता सगळ्यात वेळ द्यायची पायरी: भेसळ शोधणं. बाजारात 'कार्बाइन' म्हणून फिरणाऱ्या बऱ्याच बंदुका कापलेल्या रायफली असतात. एनफिल्ड रायफलीला नळी लाकडाशी बांधणारी तीन कडी आणि ३९ इंची नळी. कापल्यावर दोन कडी उरतात, पण काढलेल्या कडीची जागा लाकडात बुजवलेली दिसते. नळीचं तोंड भिंगाखाली धरा. करवतीने कापल्याच्या तिरप्या रेघा आणि माशीभोवतीचं (नळीच्या तोंडाजवळच्या नेमाच्या खुणेभोवतीचं) ताजं झाळकाम लपत नाही. २१ इंची नळीवर ९०० यार्डांपर्यंतची नेम धरायची शिडी असेल तर ती शिडी रायफलीचीच.

निपलभोवती बारीक खड्डे असणं चांगलं लक्षण आहे, कारण टोपीतल्या मसाल्याची राख लोखंड खाते. पण सगळ्या अंगावर सारखेच खड्डे पडले असतील तर ॲसिडने म्हातारी केलेली बंदूक समजा. स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या, लॉकच्या कडेला लाकडात फट, एक भाग काळा आणि शेजारचा चकचकीत: प्रत्येक खूण किंमत खाली आणते. बदललेला गज (बार ठासायची सळई) किंवा निपल चालून जातं, बदललेली नळी नाही.

दुर्मिळता. किती बनल्या यापेक्षा किती तशाच उरल्या ते बघा. ठासणीच्या अनेक एनफिल्ड पुढे स्नायडर पद्धतीच्या, म्हणजे मागून काडतूस भरायच्या, केल्या गेल्या, म्हणून न बदललेली घोडदळी कार्बाइन मोलाची. पलटणीचा शिक्का भाव वाढवतो, पण तो जुन्या लाकडात खोल, कडा झिजलेला हवा.

किंमत. दुकानातली चिठ्ठी बघू नका, लिलावात प्रत्यक्ष विकल्याचा आकडा बघा, तोही त्याच नमुन्याच्या आणि त्याच अवस्थेच्या किमान तीन बंदुकांचा. परदेशी आकडा रुपयांत बदलून इथे लावणं चूक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे तिकडचा गिऱ्हाईक तुमचा नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली जुन्या शस्त्रांची सूटही दुरुस्त करूनसुद्धा न चालणाऱ्या शस्त्रांपुरती आहे. म्हणून सौद्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना विभागाकडून लेखी खुलासा घ्या. तो कागद नसेल तर जाणता संग्राहक तुमच्या कार्बाइनला भाव सांगणारच नाही.