पाचवी आवृत्ती सोडायची का? दुसरी सिस्टम उघडण्याआधी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, एकेक पात्र रंगवत खेळायच्या कथाखेळाची पाचवी आवृत्ती खेळणाऱ्या गटात कधी ना कधी कुणाला भयकथा हवी असते, कुणाला चोरांची टोळी चालवायची असते. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणतो, "त्यात काय, याच नियमांत बसवू." बसवता येतंही. नियम आडवे कुठे येतात, तेवढं आधी माहीत हवं.

जंगलात वाट चुकलेले, शिदोरी संपत आलेले प्रवासी असा खेळ लावून पाहा. गटात ड्रुइड (निसर्गाची जादू जाणणारं पात्र) असेल तर पहिल्या लेव्हलचा गुडबेरी मंत्र दहा फळं देतो आणि एक फळ एका माणसाला दिवसभर पुरतं. झाली उपासमार! खुनाचं रहस्य मांडलं, तर पाचव्या लेव्हलचा क्लेरिक (देवाच्या कृपेने जादू करणारं पात्र) स्पीक विथ डेड हा मंत्र म्हणून प्रेतालाच पाच प्रश्न विचारतो. यात खेळाडूंची लबाडी नाही. लेव्हलगणिक बलवान होत जाणाऱ्या वीरांसाठीच हे नियम बांधलेले आहेत, आणि ते काम ते चोख करतात. मग डीएम एकेक मंत्र बंद करतो, लाँग रेस्ट (ताकद आणि मंत्र भरून काढणारी विश्रांती) आठ तासांऐवजी सात दिवसांची करतो, हिट पॉइंट (पात्र किती इजा सोसू शकतं तो आकडा) कापतो. आमचा ठोकताळा असा: घरच्या नियमांची यादी एका पानाबाहेर गेली आणि त्यातले निम्म्याहून अधिक नियम 'हे चालणार नाही' असे असतील, तर दुसरी सिस्टम, म्हणजे वेगळ्या खेळाचे नियम, शिकायला त्याहून कमी कष्ट पडतात.

भयकथेसाठी कॉल ऑफ कथुलू घ्या. हा खेळ १९८१ पासून चालत आला आहे, आणि सातव्या आवृत्तीचे क्विक-स्टार्ट नियम फुकट मिळतात. फासेही नवे लागत नाहीत. कौशल्य तपासायला सात फाशांच्या नेहमीच्या संचातले दोन दहा बाजूंचे फासे पुरतात, एक दशकाचा, एक एककाचा. कौशल्य ५० असेल तर ५० किंवा त्याखाली पडलं की जमलं. अवघड कामाला २५, अतिअवघड कामाला १०. इथे कमी आकडा चांगला, हे पहिला तासभर कुणाच्या लक्षात राहत नाही. खरा घोळ मात्र सवयीचा असतो. पाचव्या आवृत्तीत पाचव्या लेव्हलच्या फायटरकडे (लढवय्या पात्राकडे) चाळीसेक हिट पॉइंट असतात, म्हणून तो दार लाथेने उघडतो. कथुलूतल्या माणसाकडे दहा-बारा असतात, ते अनुभवाने वाढत नाहीत, आणि साधं रिव्हॉल्व्हर एका गोळीत दहापर्यंत इजा करतं. हे खेळ सुरू होण्याआधी स्पष्ट सांगा. नाहीतर अर्ध्या तासात दोघं मरतात आणि 'हा गेम अन्यायी आहे' असा शिक्का बसतो. चालवणाऱ्याची चूक वेगळीच: गोष्ट पुढे नेणारा एकमेव धागा तो ग्रंथालयातल्या फाशामागे लपवतो, फासा फसतो, सगळे एकमेकांकडे बघत बसतात. असा धागा फासा न टाकताच द्यावा. तो शोधायला वेळ किती गेला, तेव्हा कुणी पाहिलं का, एवढंच फाशावर सोडावं.

चोरांच्या टोळीसाठी ब्लेड्स इन द डार्क. लुडोच्या डब्यातले सहा बाजूंचे चार-पाच फासे पुरेत. टाकलेल्यांतला सर्वांत मोठा आकडा धरायचा: ६ म्हणजे काम फत्ते, ४-५ म्हणजे काम झालं पण काहीतरी अंगावर आलं, ३ पर्यंत म्हणजे फसलं. दोन फासे टाकले तर ४-५ येण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, तीनही निकालांत सर्वांत जास्त. त्यामुळे 'झालं' किंवा 'नाही झालं' एवढंच बोलायची सवय असलेला डीएम इथे अडखळतो. पहारेकरी जागा झाला, दोर निसटला, कुणीतरी चेहरा ओळखला, अशी पाच-सहा विघ्नं कागदावर लिहून ठेवली की निभावतं. दुसरी अडचण नियोजनाची. पाचव्या आवृत्तीत तासभर नकाशावर खलबतं करणारा गट इथेही तेच करतो. इथे योजनेचा प्रकार आणि एक तपशील ठरवून थेट कामगिरीत उडी घ्यायची असते. पहारेकऱ्याला आधीच लाच दिली होती, हे नंतर फ्लॅशबॅकमध्ये दाखवता येतं. त्याची किंमत साधारण शून्य ते दोन स्ट्रेस, म्हणजे पात्रावर साचणाऱ्या ताणाचे गुण.

पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती मात्र दिसायला डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या इतकी जवळची की तीच फसवते. प्रत्येक पाळीला तीन ॲक्शन (कृती) मिळतात, म्हणून नवा खेळाडू तीनदा तलवार मारतो. दुसऱ्या वाराच्या फाशाला उणे पाच, तिसऱ्याच्या उणे दहा. तिसरी ॲक्शन सरकायला, ढाल उचलायला किंवा शत्रूला घाबरवायला ठेवावी.

मुहूर्त कोणता? चालू मोहिमेचा एक टप्पा संपला की, किंवा एखादा खेळाडू दोन आठवडे गावाला गेला की. जुनी पात्रं नव्या नियमांत उतरवू नका. आकडे जुळत नाहीत आणि लाडकं पात्र दुबळं झालं की राग नव्या खेळावर निघतो. तयार पात्रं छापून घ्या. तीन-चार खेळाडू, तीन तास. नियम एकानेच वाचलेले असले तरी चालतात, पण त्याने ते दोनदा वाचलेले हवेत. समजावणी पंधरा मिनिटांत आटपा, बाकीचं लागेल तसं सांगा. निकाल तिसऱ्या बैठकीनंतर द्या, कारण पहिली बैठक पानं उलटण्यातच जाते.

न बदलण्याचीही रास्त कारणं असतात. गट नवा आहे, आठवड्याला जेमतेम दोन तास मिळतात, लहान मुलं खेळताहेत, किंवा सगळ्यांना राक्षस मारून लेव्हल वाढवण्यातच मजा येते, तर पाचवी आवृत्ती पुरेशी आहे. मंडळी वेळेवर येत नसतील किंवा एकच जण सगळ्यांचं बोलून टाकत असेल, तर त्यावर कुठल्याच नियमपुस्तकात उपाय नाही. आणि दर महिन्याला नवं पीडीएफ विकत घेऊन एकही न खेळणं, हा छंदही जरा जपूनच.